टाकीला घातलेला हार

खंडेनवमीला मी कंपनीतल्या नायट्रोजनच्या टाकीला झेंडूचा हार घातला. तो घसरू नये म्हणून टाकीचं झाकण बोटभर उचललं आणि हाराचा दोरा त्याच्याखाली अडकवला. टाकी शिट्ट्या मारू लागली. तिकडे आरती चालू होती, म्हणून मी शिट्टीचं बटण बंद केलं. आरती झाली, पेढा खाल्ला, घरी गेलो. बटण पुन्हा चालू करायचं राहून गेलं.

घडलं ते एवढंच. पण ज्याला ज्याला हे सांगितलं, त्यानं एकच विचारलं, "अहो, पण का?"

का, ते सांगतो. मी मूळचा पत्र्यातला माणूस. राहायला आकुर्डीला, आणि उमेदीची सगळी वर्षं प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनांपाशी गेली. तिथे खंडेनवमी म्हणजे दिवाळीच्या वर. मशिनं घासून पुसून लख्ख करायची, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा. ज्या प्रेसनं वर्षभरात कोणाचं बोट घेतलं असेल, तिला सगळ्यात मोठा हार. एरवी मशीनला हात न लावणारे साहेबसुद्धा त्या दिवशी तिला हात जोडायचे. हार न घातलेली मशीन वर्षभर रुसून बसते, हे मला कोणी शिकवलं नाही. ग्रीससारखं ते अंगालाच लागलं.

पुढे ती कंपनी बंद पडली आणि मी चाकणच्या पट्ट्यात एका छोट्या कंपनीत मेंटेनन्सला लागलो. इथे पत्रा नाही, तेल नाही, कानठळ्या नाहीत. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं काचेच्या खोलीत पेशी वाढवतात. माझ्याकडे कंप्रेसर, जनरेटर, एसी आणि टाक्या. त्या खंडेनवमीला मी मशिनं मोजून हार आणले आणि तरी एक उरला. आता देवाच्या नावानं आणलेला हार काय परत पिशवीत घालून न्यायचा? टाकी समोरच उभी होती, दूध डेअरीतल्या कॅनच्या थोरल्या भावासारखी, गोल आणि गुळगुळीत. तिला ना खुंटी, ना कान. हार अडकवायला एकच जागा दिसली, ती म्हणजे झाकण.

त्या टाकीत काय होतं, तेही सांगायला हवं.

टाकी मॅडमची. म्हणजे मालक कंपनीच, पण त्या टाकीकडे मॅडम ज्या नजरेनं बघायच्या ते पाहता मालकी त्यांचीच. मॅडम म्हणजे त्या काचेच्या खोलीतल्या संशोधक, नांदेडकडच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या, मारुंजीत भाड्यानं राहतात. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं होतं की या टाकीत एवढं जपण्यासारखं आहे तरी काय. त्यांनी मला भिंगाखाली एक बशी दाखवली. आत बारीक, गोल, पारदर्शक मणी.

मी म्हणालो, "साबुदाणा."

"काका!"

"भिजवलेला."

त्यांना राग आला, पण नंतर त्याही साबुदाणाच म्हणू लागल्या. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेल्या जेलीचा तो मणी, आणि त्याच्या पोटात जिवंत पेशी. मॅडमनी समजावलं ते असं. हृदयाचा झटका आला की तिथला स्नायू मरतो, आणि मेला तो मेला. पण त्याच्या शेजारचा अर्धमेला स्नायू असतो ना, त्याच्याजवळ या पेशी नेऊन ठेवल्या तर त्या असे काही रस सोडतात, की तो सावरू शकतो. अडचण एवढीच की आपलं शरीर परक्या पेशीला जगू देत नाही, लगेच मारायला धावतं. म्हणून त्यांना मण्यात बंद करायचं. मण्यातून रस बाहेर येतो, अन्न आत जातं, पण मारेकरी आत शिरत नाहीत.

"मग टाकीत गोठवायच्या कशाला?" मी विचारलं.

"काका, झटका काय सांगून येतो का? पेशंट दारात आला की मग पेशी वाढवायला घ्यायच्या? माल तयार पाहिजे. वर्षानुवर्षं ठेवला तरी काढल्यावर जिवंत निघायला पाहिजे. निघतो का, तेच तर बघायलोय आपण."

ते बघण्यासाठी टाकीत वेगवेगळ्या वेळी ठेवलेल्या पेट्या होत्या. सगळ्यात जुनी पेटी मॅडमनी इथे आल्या आल्या स्वतःच्या हातानं ठेवलेली. ती आता निघायची होती, म्हणून रॅकच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात होती. दिवाळीनंतर काढायची, वितळवायची, आणि किती पेशी जगल्या ते मोजायचं. मॅडमची इथली सगळी वर्षं त्या पेटीत होती.

आणि आमच्या दादाचा जीवसुद्धा. तो तिथे मी नेऊन ठेवला होता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चाकणच्या पलीकडे आमच्या गावात असतो. त्याला मागे झटका येऊन गेला, वाचला, पण हृदयाचं पंपिंग अर्ध्याहून खाली आलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, पाणीसुद्धा मापून प्यायला सांगितलं. यापुढे असंच चालायचं म्हणाले. जो माणूस एका हातानं पाण्याची मोटार विहिरीतून ओढून काढायचा, तो आता ओट्यावर बसून रस्त्यावरचे कंटेनर बघतो. मला ते बघवेना, म्हणून मी त्याला साबुदाण्याची गोष्ट सांगितली. सांगताना जराशी लांबवली. मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं की हे अजून उंदरात आणि डुकरात चाललंय, माणसापर्यंत यायला फार अवकाश आहे. मी गोष्टीतून उंदीर आणि डुकरं गाळली.

दसरा त्या वर्षी गुरुवारी आला. आमच्या पट्ट्यात गुरुवारीच साप्ताहिक सुट्टी असते, त्यामुळे सणाची सुट्टी फुकट गेली म्हणून सगळे कुरकुरत होते. साहेबांनी बदली म्हणून शुक्रवारही देऊन टाकला. मॅडम आधीच नांदेडला गेल्या होत्या. मी आपट्याची पानं घेऊन गावी गेलो. दाराला तोरण, गाडीला हार, आमच्या वडिलांच्या फोटोलाही वहिनीनं ताजा हार घातलेला. दादाच्या हातावर सोनं ठेवलं आणि पाया पडलो.

"काय रं धाकल्या, आमचा साबुदाना कसा हाय?"

"मजेत आहे. थंड हवेला गेलाय."

वहिनी आतून म्हणाली, "भाऊजी, उपासाला चालंल का वो त्यो?"

"वहिनी, तो कोणी खाल्ला तर कंपनी मला खाईल."

"तुमाला खाऊन कोनाचं प्वाट भरायचं?" वहिनी म्हणाली, आणि पुरणाच्या पोळ्या लाटायला बसली.

दादा हसला नाही. वहिनी चुलीकडे वळलेली बघून त्यानं हळूच विचारलं, "दिवाळीनंतर निगायचा ना त्यो?"

"हो, पहिली पेटी दिवाळीनंतर निघणार." यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

"मला काय लई न्हाई पायजे. हितनं इहिरीपत्तुर चालत गेलो आन् आलो, तरी बास हाय. मधी बसायला लागू ने."

मी मान डोलावली. त्या वेळी तिकडे टाकीच्या झाकणाखाली दोरा होता, आणि शिट्टीचं बटण बंद होतं.

शनिवारी सकाळी टाकीच्या खोलीचं दार उघडलं. झाकणाभोवती बर्फाची पांढरी दाढी फुटली होती, आणि दाढीतून झेंडूची केशरी फुलं डोकावत होती. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिला विचार आला तो, 'वा, हार कसा ताजा राहिला!' हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, इथे सांगतो. मग मी हातमोजे घालून एक फूल चिमटीत धरलं. बशी फुटल्यासारखा आवाज झाला आणि फुलाचा चुरा झाला.

झालं होतं असं. झाकण नीट बसलेलं नव्हतं, म्हणून आतला नायट्रोजन उडत राहिला. शेजारचा मोठा सिलिंडर टाकीला नायट्रोजन पाजत राहिला, पाजता पाजता तोही रिकामा झाला. टाकीनं त्यावरही शिट्ट्या मारल्या असतीलच, पण तिचं तोंड मी बंद केलेलं. मोबाइलवर निरोप येण्याची सोय साहेबांनी पुढच्या वर्षावर ढकलली होती. जास्तीची एक टाकी असते, ती दुरुस्तीला पाठवली होती. पाठवणारा कोण, हे विचारू नका.

मॅडम गाडीतून उतरून थेट आल्या होत्या, पाठीला सॅक तशीच. दारात थबकल्या.

"काका, हे काय आहे?"

"हार."

"ते दिसायलंय."

त्या थेट टाकीवरच्या तापमानाच्या आकड्याकडे गेल्या. मी झाकणाला हात घालायला गेलो तशा ओरडल्या, "उघडू नका! आता नायट्रोजन येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. उघडलं की उरलासुरला गारवाही जातो."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर बसल्या. एका मर्यादेच्या खाली, त्या म्हणाल्या, आतलं सगळं काचेसारखं असतं, कणभर हलत नाही. किती का वर्षं जाईनात. त्या मर्यादेच्या वर आलं की बर्फाचे बारीक स्फटिक हलायला लागतात, एकमेकांना मिळून मोठे होतात, पेशीला भोसकतात, मण्याला तडे पाडतात. वरचा कप्पा मर्यादेच्या वर आला होता. कधी आला आणि किती वेळ तिथे होता, हे सांगता येत नव्हतं.

"मग आपण बघू ना, आत जिवंत आहेत का."

"बघायचं तर वितळवावं लागतं. वितळवलं की संपली पेटी. परत गोठवता येत नाही."

मी आयुष्यभर बिघाड काढत आलोय. बिघाड म्हटलं की पान्हा घ्यायचा, खोलायचं, बघायचं, दुरुस्त करायचं. इथे खोलायचं नाही, बघायचं नाही, हात लावायचा नाही. नुसतं आकड्याकडे बघत बसायचं. माझ्या हातांना काय करावं ते कळेना. मी एक फडकं घेतलं आणि कंप्रेसर पुसत बसलो.

नायट्रोजनवाल्याचा टेम्पो निघाला होता. तासाभराचा रस्ता. बराच वेळ झाला तरी आला नाही म्हणून फोन केला, तर म्हणाला चाकणच्या चौकात आहे. थोड्या वेळानं केला, तरी चौकातच. मी गाडी काढली आणि निघालो. जणू मी गेल्यानं चौक मोकळा होणार होता.

चौकात सगळं जागच्या जागी उभं. कंटेनर, कंपन्यांच्या बस, सहा आसनी रिक्षा, आणि प्रत्येकाच्या तोंडावर दसऱ्याचा वाळलेला झेंडू. एवढे हार एकत्र मी आयुष्यात पाहिले नव्हते. सगळे आपापल्या जागी, नीट बांधलेले. कोणाचं काही बिघडलेलं नाही. आमचा टेम्पो मधोमध सापडला. त्यालाही भलामोठा हार. ड्रायव्हर दार उघडून पाय बाहेर सोडून बसला होता.

मी म्हणालो, "भाऊ, लई अर्जंट आहे."

"मग? उडवू का?"

"सिलिंडर माझ्या गाडीवर घालू."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गाडीकडे. "राव, ह्याचं वजन तुम्ही, मी आन् तुमची गाडी मिळून होत नाही. गप सावलीला बसा."

मी सावलीला बसलो नाही. मी गाडी बाजूला लावून वाहतूक मोकळी करायला लागलो. हात हलवून एका कंटेनरला मागे घेतलं, तो जाऊन बसला आडवा. मग जी बाजू सरकत होती तीही बंद झाली. एका हवालदारानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला घरी कोणी नाही का?"

तेवढ्यात मॅडमचा फोन. "काका, आकडा अजून वर गेला."

"आलोच."

"कुठं आहात?"

"टेम्पोजवळ."

"टेम्पो कुठंय?"

"चौकात."

मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या दर थोड्या वेळानं नुसता आकडा कळवत राहिल्या, आणि मी दर वेळी "हो" म्हणत राहिलो. फोन न उचलण्याचंही मनात आलं. पण एकटीनं तो आकडा बघत बसण्यापेक्षा कोणाला तरी सांगितल्यानं त्यांना बरं वाटत असावं, असं वाटून उचलत राहिलो. कंटेनरमागे कंटेनर, हारामागे हार, आणि त्यांच्या मधोमध ती थंडी, माझ्यापासून हातभर अंतरावर, कुणाच्याही उपयोगाची नसलेली.

दुपार कलली तेव्हा टेम्पो कंपनीत पोचला. नायट्रोजन सोडला. पांढऱ्या वाफेचे लोट जमिनीवर पसरले, आकडा खाली खाली आला आणि आपल्या जागी जाऊन बसला, जसं काही झालंच नव्हतं. सिलिंडरवरून हात फिरवत मी म्हणालो, "झालं, वाचली!" मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी सिलिंडरवरचा हात काढला.

साहेबांनी मला झापलं. ते सविस्तर सांगण्यासारखं नाही, त्यात नवीन काही नव्हतं. मॅडमनी मात्र दिवाळीची वाट न बघता पेटी काढायची ठरवली. शंका घेऊन आणखी थांबण्यात काय अर्थ, असं त्या म्हणाल्या. ज्या दिवशी काढली त्या दिवशी मी कामाशिवाय काचेच्या खोलीबाहेर घुटमळत होतो. त्यांनीच बोलावलं, टोपी-मोजे चढवायला लावले. कोमट पाण्यात पेटीतल्या नळ्या हलवल्या, मणी धुतले. खोलीत लसणाच्या फोडणीसारखा वास सुटला. पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून त्यांत जे औषध घालतात, त्याचा तो वास. मग रंग घातला. जिवंत पेशी हिरवी चमकते, मेलेली लाल.

मॅडम बराच वेळ भिंगाला डोळा लावून होत्या. मग बाजूला झाल्या. "बघा."

अंधारात गोल गोल मणी, आणि त्यांच्यात हिरवे ठिपके. मी ओरडलोच, "मॅडम, आहेत की! जिवंत आहेत!"

"लाल पण बघा काका."

मी लाल बघितले. हिरव्यांपेक्षा जास्त होते. एक मणी फणसाच्या गऱ्यासारखा मधून चिरलेला होता.

"म्हणजे एवढी वर्षं ठेवल्यामुळे मेल्या?"

"असतील."

"का माझ्या हारामुळे?"

"असतील." त्यांनी डोळे चोळले. "तेच तर कळणार नाही ना आता. वर्षांनी मारल्या का हारानं, पेशी थोडंच सांगणार आहे? ही पेटी आता काहीच सिद्ध करत नाही. बऱ्या निघाल्या असत्या तर म्हटलं असतं, चांगलंय. पण अशा निघाल्या की..."

"मग आता?"

"खालच्या पेट्या गार राहिल्यात, त्या बऱ्या असतील. पण त्या नव्या आहेत. त्या एवढ्या जुन्या होईपर्यंत थांबायचं."

"काही लवकर करता नाही येणार?"

त्या हसल्या, पण ते काही बरं हसू नव्हतं. "काका, जुनं लवकर कसं करतात?"

प्रेसवर पत्रा वाकडा गेला तर भंगारात टाकून दुसरा घ्यायचा. शिफ्ट वाया गेली तर ओव्हरटाइम करायचा. माझ्याकडे या गोष्टीला ओव्हरटाइम नव्हता. मॅडमनी नळ्या गोळा केल्या, हात धुतले आणि डबा खायला गेल्या. मला त्या रागाचा एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी गावी गेलो. दादा ओट्यावर होता. वहिनी शेंगा निवडत होती.

"काय म्हनतोय साबुदाना?"

वाटेत मी तीन-चार उत्तरं तयार केली होती. सगळी चांगली होती. पण दादा पुढे सरकून बसला, उशीचा टेकू सोडून, आणि मला त्यातलं एकही आठवेना. मी खरं ते सांगितलं. हार, दोरा, शिट्टी, चौक, लाल आणि हिरवं. मग आधी गाळलेले उंदीर आणि डुकरंही सांगितली. सांगताना माझ्या सवयीप्रमाणे हवालदाराची नक्कलही केली. कोणी हसलं नाही. वहिनीचे हात शेंगांवर थांबले होते.

दादानं उशी परत पाठीशी ओढली.

"म्हंजी त्यो माज्यासाटी नव्हताच?"

"नव्हता."

"आन् जो व्हता त्यो बी तू मारलास?"

"सगळा नाही. काही हिरवे..."

"गप." दादा भिंतीला धरून उठला. विहिरीच्या बाजूला तोंड करून चार पावलं गेला, तुळशीपाशी थांबला, तिथेच कट्ट्यावर हात टेकून श्वास घेत उभा राहिला. वहिनी उठायला लागली, त्यानं हातानंच बस म्हणून खुणावलं. मी आधार द्यायला जावं की न जावं, या विचारात ओट्याच्या पायरीवर एक पाय खाली सोडून बसलो होतो. थोड्या वेळानं तो तसाच मागे फिरला. उंबऱ्यापाशी आल्यावर त्याची नजर आत वडिलांच्या फोटोवर गेली. दसऱ्याचा हार अजून तिथेच होता, सुकून काळा पडलेला.

त्याकडे बघतच तो म्हणाला, "येड्या, हार घालायची येवढीच घाई व्हती तुला, तर माज्या फोटूपत्तुर थांबायचं व्हतंस."